एनडीएतले पहिले आठवडे: मिनिटं कुठे जातात आणि नडग्या का दुखतात

यूपीएससीच्या यादीत नाव आलं की घरी येणारा प्रत्येक पाहुणा मुलाला एकच गोष्ट विचारतो: पळतोस किती? प्रश्न वावगा नाही. पण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या, म्हणजे एनडीएतल्या, पहिल्या दीड-दोन महिन्यांत मुलं पळण्यावाचून फारशी अडत नाहीत. अडतात ती दोन वेगळ्या ठिकाणी. दिवसाची मिनिटं पुरत नाहीत, आणि हाडं मनाइतक्या वेगाने तयार होत नाहीत. रगड्याचे, म्हणजे शिक्षेच्या व्यायामाचे, किस्से सगळ्यांना तोंडपाठ असतात, या दोन गोष्टी मात्र कोणी नीट फोड करून सांगत नाही.

आधी थोडी ओळख. तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांना एकत्र शिकवण्याची सुरुवात १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनजवळच्या क्लेमेंट टाउनमध्ये झाली. खडकवासल्याच्या कायमच्या जागेची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते ६ ऑक्टोबर १९४९ ला झाली आणि १६ जानेवारी १९५५ ला एनडीएचं रीतसर उद्घाटन झालं. धरणाच्या पाण्यालगत सुमारे सात हजार एकरांचा परिसर, समोर सिंहगड, आणि मधोमध घुमटाचा सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या भूमीवर लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारने दिलेल्या पैशांचा हातभार त्या इमारतीला लागला आहे. प्रशिक्षण तीन वर्षांचं, सहा-सहा महिन्यांच्या सहा टर्मचं. पदवी दिल्लीच्या जेएनयूची. त्यानंतर सैन्यदलाचे कॅडेट डेहराडूनला, नौदलाचे एळिमलाला आणि हवाई दलाचे दुंडिगलला पुढच्या प्रशिक्षणासाठी जातात. २०२२ पासून मुलीही आहेत. त्यांची पहिली तुकडी, १७ जणींची, ३० मे २०२५ ला बाहेर पडली.

वर्षातून दोनदा नवा कोर्स, म्हणजे नवी तुकडी, दाखल होतो, जुलैच्या आसपास एक आणि जानेवारीच्या आसपास एक. आल्यावर प्रत्येकाला एक स्क्वॉड्रन मिळतो: अल्फा, ब्राव्हो, चार्ली आणि पुढे. पुढची तीन वर्षं घर म्हणजे हा स्क्वॉड्रन. एकाच इमारतीत सहाही टर्मची मुलं राहतात आणि पहिल्या टर्मचा कॅडेट या उतरंडीत सगळ्यात खाली असतो. एका ओळीत साताऱ्याच्या सैनिक शाळेतून आलेला, छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआय या सैनिकी सेवापूर्व संस्थेतून आलेला आणि तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजातून थेट आलेला असे तिघंही उभे असतात. पहिल्या दोघांना गणवेश, शिट्टी, फॉल-इन (रांगेत हजर होणं) यांची सवय असते. ही आघाडी महिनाभर टिकते. मग सगळे सारखेच पेंगुळलेले दिसतात.

सामान आणि बूट

पहिल्या दोन दिवसांत केस जातात, मोबाईल हाताबाहेर जातो आणि सामान मिळतं. काळी लोखंडी ट्रंक, पीटीचे पांढरे बूट, डांगरी (सलग शिवलेला कामाचा पोशाख), खाकी, पट्टे, बॅरे टोपी, आणि ड्रिलचे बूट, तळाला खिळे आणि टाचेला नाल ठोकलेले. यातल्या बुटांपाशी चूक झाली की ती पुढे सहा आठवडे भोवते. स्टोअरमध्ये रांग मोठी असते, मागचे खोळंबलेले असतात, आणि नवखा मुलगा संकोचून "ठीक आहे" म्हणतो. तसं म्हणू नये. जाड मोजे घालून, दोन्ही पायांत बूट घालून, उभं राहून बघायचं. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि चालताना टाच उचलली जाता कामा नये. शक्य असेल तर माप संध्याकाळी द्यावं, कारण दिवसभराच्या उभं राहण्याने पाऊल थोडं फुगतं आणि खरं माप तेच असतं. बदलून घ्यायचा दिवस पहिला किंवा दुसरा. त्यानंतर कोणाला वेळ नसतो.

दुसरं काम क्षुल्लक वाटतं, म्हणून राहून जातं: प्रत्येक कपड्यावर, मोज्याच्या प्रत्येक नगावर, आपला नंबर घालणं. शंभर जणांचे मोजे एकाच रंगाचे असतात. धोब्याकडून आलेल्या ढिगातून आपला नंबर शोधायला दहा सेकंद लागतात, नंबर नसेल तर दहा मिनिटं. आणि दहा मिनिटं ही तिथे फार मोठी रक्कम आहे.

मिनिटांचा हिशोब

दिवस पहाटे पाचच्या आतबाहेर सुरू होतो. मस्टर (हजेरी), मग पीटी किंवा ड्रिल, आंघोळ, नाश्ता, दुपारपर्यंत वर्ग, जेवण, थोडी विश्रांती (कागदावर), मैदानी खेळ, संध्याकाळी अभ्यासाचा तास, जेवण, दहाच्या सुमाराला दिवे बंद. कोणतंही एक काम घेतलं तर अवघड नाही. अवघड असतात दोन कामांमधल्या फटी. पीटीच्या चड्डी-बनियनमधून खाकीत, खाकीतून डांगरीत, डांगरीतून खेळाच्या कपड्यांत, तिथून टाय बांधून मेसमध्ये, असे दिवसाला पाच-सहा वेश होतात. प्रत्येक वेळी आधीचा वेश घडी घालून जागच्या जागी गेला पाहिजे, कारण केबिनची, म्हणजे खोलीची, तपासणी कधीही होते.

त्यात फॉल-इनचं गणित वेगळंच. समजा वर्ग साडेआठला आहे. त्यासाठी स्क्वॉड सव्वाआठला सुटायचा. म्हणून सिनियर सांगतो, आठ दहाला सायकलींसह उभे राहा. त्याच्या खालचा स्वतःची पाच मिनिटं वाढवतो, आठ पाच. फर्स्ट टर्मर धसक्याने आठलाच हजर. अर्धा तास कोणीही न चोरता गेला. ही गोष्ट जगातल्या प्रत्येक लष्करात आहे, आणि तिच्यावर वैतागण्यात वेळ घालवणं हाही वेळेचाच अपव्यय.

सायकलीचंही तसंच. आवार एवढं मोठं की वर्ग, मैदान, जलतरण तलाव, सगळीकडे सायकलनेच जायचं, तेही शिस्तीत, जोडी-जोडीने. चाक पंक्चर असेल तरी सायकल मागे सोडता येत नाही. ती खांद्यावर घेऊन पळायचं. म्हणून रात्री झोपण्याआधी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघणं हे दात घासण्याइतकंच नेमाने करायचं काम.

मग एवढी कामं एवढ्या वेळात एकट्याने होतात का? होत नाहीत, आणि तशी योजनाच आहे. हेच नव्या मुलाला दोन-तीन आठवडे कळत नाही. शाळेत पहिला आलेला मुलगा स्वतःचा पट्टा, स्वतःचे बूट, स्वतःची केबिन चकचकीत करून वेळेत खाली येतो, आणि तरी रगड्यात सापडतो, कारण त्याचा शेजारी अजून वरच्या मजल्यावर बेल्टची बकल शोधतोय. शिक्षा सगळ्यांना मिळते. पुढच्या वेळी पहिला मुलगा दोन मिनिटं आधी शेजाऱ्याच्या केबिनमध्ये डोकावतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत कामं वाटली जातात: ज्याचा हात इस्त्रीला बरा तो चौघांच्या खाकीला इस्त्री करतो, दुसरा चौघांची पितळी बकलं घासतो, तिसरा सायकली बघतो, ज्याला गणित येतं तो गृहपाठ समजावतो. ही वाटणी ज्या कोर्समध्ये लवकर होते त्याचे हाल लवकर कमी होतात. कोर्समेट हा शब्द तिथे आयुष्यभर पुरतो, त्याचं मूळ अशा इस्त्रीत आहे.

पट्टी परेड नावाची शिक्षा म्हणजे याच गोष्टीचा अर्क. दोन-तीन मिनिटांत अमुक वेशात खाली या. आलात, आता तमुक वेशात या. अर्ध्या तासात केबिनचा उकिरडा होतो. या प्रकारात हमखास होणाऱ्या चुका तीनच. शर्टाची सगळी बटणं सोडत बसणं (वरची दोन सोडून डोक्यातून काढावा), मोजे-बूट शेवटी शोधणं (ते जोडीने, तोंडं दाराकडे करून ठेवलेले हवेत), आणि उतरवलेले कपडे चार दिशांना फेकणं. एकाच कोपऱ्यात एकच ढीग करावा. नंतर आवरायला तोच सोपा पडतो.

कपाटाची तपासणी असते तेव्हा प्रत्येक घडी एकाच मापाची लागते. जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून त्यावर घड्या घातल्या की माप आपोआप जुळतं. शहाणी मुलं आणखी एक करतात: दाखवण्याचा संच वेगळा, वापरण्याचा वेगळा. मांडलेल्या कपड्यांना हातच लावायचा नाही.

बुटाची चमक

हा विषय बाहेरच्यांना गमतीचा वाटतो, पण त्यात जाणारा वेळ बघता समजून घ्यावा असा आहे. ब्रशने पॉलिश चोपडलं की बूट काळा होतो, चमकत नाही. चमक येते ती कातड्याची बारीक छिद्रं मेणाने भरून पृष्ठभाग काचेसारखा सपाट झाल्यावर. म्हणून थर पातळ आणि पुष्कळ. जुन्या सुती बनियनचा तुकडा बोटाभोवती घट्ट गुंडाळायचा, त्याच्या टोकाला अगदी थोडं पॉलिश, बुटाच्या नाकावर पाण्याचा एक थेंब, आणि लहान गोल वर्तुळं, धुरकटपणा जाईपर्यंत. मग पुन्हा. नव्या बुटाला असे पंधरा-वीस थर सहज लागतात, त्यामुळे ते एका रात्रीत उरकायचं नसतं. रोज दहा मिनिटं, आठवडाभर.

बिघडतं कुठे? घाईत जाड थर दिला की तो वाळून तडकतो, आणि ड्रिलच्या पहिल्याच ठोक्याला पापुद्रे उडतात. चमक आलेल्या नाकावर ब्रश फिरवला की सगळी मेहनत ओरखड्यांत जाते. बूट वाकतो त्या जागेवर मेण साठवू नये, ते फुटणारच. चमक फक्त नाक आणि टाच यांची. बाकी बुटाला साधं पॉलिश पुरे.

ड्रिल

ड्रिल शिकवतात ते उस्ताद, वेगवेगळ्या पलटणींमधून निवडून आलेले जेसीओ (कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी) आणि हवालदार. हुकूम हिंदीत. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंज्यांत तीस अंशांचा कोन. विश्राममध्ये पायांत बारा इंचांचं अंतर. तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं, पाऊल तीस इंचांचं. दौडके चल म्हणजे १८० पावलं, चाळीस इंचांची. हे आकडे पाठ करायचे नसतात, पायाला शिकवायचे असतात. म्हणून सुरुवातीचे दिवस एकेक हालचाल सुटी करून, मोठ्याने मोजत चालतात: एक, दो-तीन, एक. मधली "दो-तीन" ही थांबण्याची जागा आहे. नवखे ती खातात आणि म्हणून ओळ फुटते.

हमखास दिसणारी चूक म्हणजे उजव्या पायासोबत उजवाच हात पुढे जाणं. घरी नीट चालणारा मुलगा इथे असा लाकडी बाहुलीसारखा का चालतो? कारण तो प्रथमच चालण्याचा विचार करतोय. जितका जास्त विचार, तितका गोंधळ. उपाय असा की हातांकडे दुर्लक्ष करून फक्त डावी टाच जोरात रोवायची आणि नजर समोरच्याच्या मानेवर ठेवायची. हात दहा पावलांत आपणहून जागेवर येतात.

उभ्या उभ्या चक्कर येऊन पडणारेही पहिल्या महिन्यात असतातच. गुडघे कडक ताठ करून बराच वेळ सावधान उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू काम थांबवतात. पायांतलं रक्त वर ढकलण्याचं काम तेच करत असतात. रक्त खाली साचतं, मेंदूला कमी पडतं, आणि माणूस कोसळतो. कमकुवतपणाशी याचा संबंध नाही. गुडघे किंचित सैल ठेवावेत, बुटाच्या आत बोटं आवळत-सोडत राहावीत (बाहेरून कोणाला दिसत नाही), आणि उपाशीपोटी परेडला जाऊ नये. डोळ्यांपुढे काजवे आले, कान बंद झाल्यासारखे वाटले, तर सांगून खाली बसावं. परेडमध्ये तोंडावर पडून दात पाडून घेण्यात शौर्य नाही.

नडग्या

आता दुसरी गोष्ट, आणि आमच्या मते जास्त महत्त्वाची. पहिल्या महिन्यानंतर मेडिकल रूमबाहेरच्या रांगेत उभे असलेले बहुतेक जण गुडघ्याखाली दुखतंय म्हणून आलेले असतात.

शरीरावर अचानक भार वाढला की हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन आठवड्यांत त्याला सरावतात. स्नायू थोड्या उशिराने. हाडांची रीत मात्र वेगळी. ती जुन्या घराची डागडुजी करावी तशी चालते: आधी जुनी भिंत फोडायची, मग नवी बांधायची. भार वाढल्यावर काही पेशी हाडाचा जुना भाग खाऊन काढतात, आणि मग दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात. फोडण्याचं काम काही आठवड्यांत होतं, बांधायला महिने लागतात. म्हणजे प्रशिक्षण सुरू झाल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून हाड काही काळ आधीपेक्षा कच्चं असतं. नेमका तेव्हाच दम वाढलेला असतो, आत्मविश्वास आलेला असतो आणि मुलगा जोरात पळायला लागतो. खिळ्यांच्या बुटाची टाच रोज शेकडो वेळा सिमेंटवर आपटते ती वेगळीच. तळपायाच्या अशा दुखण्याची नोंद ब्राईटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच केली होती: लांब कूच करणाऱ्या सैनिकांचे पाय सुजतात. क्ष-किरण तेव्हा नव्हते, त्यामुळे आत हाडाला बारीक चीर गेलेली असते हे पुढे कळलं.

दोन दुखण्यांतला फरक ओळखता आला पाहिजे. नडगीच्या आतल्या कडेने चार-पाच बोटांच्या लांबीभर दुखतं, पळायला लागलं की जास्त आणि अंग तापलं की कमी, तर तो बहुधा हाडाच्या अस्तराचा दाह, ज्याला सगळे शिन स्प्लिंट म्हणतात. बर्फ, काही दिवस कमी भार आणि पोटऱ्यांचे व्यायाम यांनी तो आटोक्यात येतो. पण दुखणारी जागा एका बोटाच्या टोकाखाली मावत असेल, पळताना दुखणं वाढतच जात असेल, एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर ते हाड आहे. त्याच दिवशी डॉक्टरकडे. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अशी चीर अनेकदा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आला" याचा अर्थ हाड नॉर्मल आहे असा होत नाही. मुलींमध्ये याचा धोका जास्त असतो. पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं, कारण त्याचा हाडांशी थेट संबंध आहे.

मग मुलं दुखणं लपवतात का? सर्रास. मेडिकल रूममध्ये गेलं की "अटेंड सी" मिळतो, म्हणजे ठरावीक दिवस पीटी-ड्रिलमधून सूट. सूट घेतलेल्याकडे स्क्वॉड्रन जरा तिरप्या नजरेने बघतो. त्याहून मोठी भीती रेलिगेशनची. ठरावीक दिवसांहून जास्त प्रशिक्षण बुडालं किंवा चाचण्या राहिल्या की कॅडेट एक टर्म, म्हणजे सहा महिने, मागे पडतो आणि कोर्समेट पुढे निघून जातात. म्हणून गोळ्या खाऊन पळणं सुरू होतं. इथे हिशोब साधा आहे. डॉक्टरांना वेळीच सांगितलेली चीर विश्रांतीने काही आठवड्यांत भरते. लपवून पळालेली चीर पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकते आणि मग टर्म हमखास जाते. शिवाय वेदनाशामक गोळ्या आणि अपुरं पाणी ही जोडी मूत्रपिंडाला घातक आहे. प्रशिक्षणात कायमचं अपंगत्व आल्याने घरी परतावं लागलेल्या कॅडेटांचा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन हाती घेतला. ज्यांना ही भीती अवास्तव वाटते त्यांनी ती सुनावणी वाचावी.

एक खूण मात्र कुठल्याही परिस्थितीत थांबून राहण्यासारखी नाही. शेकडो उठाबशा किंवा सवय नसलेला रगडा झाल्यानंतर मांड्या प्रचंड सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटून त्यांतला माल रक्तात उतरतोय. तास मोजायचे नाहीत, तडक दवाखाना. एरवीसाठी लघवीचा रंग हाच पाण्याचा मापक: फिक्या लिंबू सरबतासारखी असावी.

फोडांबद्दल थोडक्यात. फोड घर्षणाने येतो आणि ओल त्याला मदत करते. आत पातळ नायलॉनचा मोजा, वर जाड मोजा घातला की घासणं दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर नाही. जागा गरम झाल्यासारखी वाटली की लगेच चिकटपट्टी. फोड आल्यावर नव्हे. मोठा फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी तशीच ठेवावी. ती ओढून काढणाऱ्याला पुढचे चार दिवस स्वतःचाच राग येतो.

जुलैचे आणि जानेवारीचे

जुलैत दाखल होणाऱ्यांची सलामी सह्याद्रीच्या पावसाशी असते. काही वाळत नाही. ओले बूट, ओले मोजे, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यात नायटा. आंघोळीनंतर बेचकी कोरडी पुसणं, बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबणं, मोज्यांच्या निदान आठ जोड्या ठेवणं, यावर तिथे अर्धी लढाई जिंकली जाते. नायट्यावर दुकानातलं स्टेरॉइडमिश्रित मलम लावू नये. खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा दुप्पट पसरतो. जानेवारीच्या कोर्सला पहाटेची थंडी असते, अंग गरम न करता पळणाऱ्यांच्या मांड्यांचे स्नायू तिथे धरतात, आणि टर्म संपता संपता एप्रिल-मेचं ऊन गाठतं.

पोहता न येणं ही फार मोठी अडचण नाही, तिथे शिकवतात. पण ते शिकणं उरल्यासुरल्या विश्रांतीच्या वेळात होतं. गावच्या विहिरीत पोहणाऱ्या मुलांना पाण्याची भीती नसते, फक्त डोकं वर काढून पोहण्याची सवय मोडावी लागते. ज्यांना येतच नाही त्यांनी निकालानंतरच्या सुट्टीत एवढी एक गोष्ट शिकून घेतली तरी आठवड्याचे कितीतरी तास वाचतील.

वर्गात झोप येते. सगळ्यांनाच येते. मान खाली जायला लागली की उठून मागे उभं राहावं, प्राध्यापकांना ते नवं नाही. काटा-चमचा चार जेवणांत येतो. इंग्रजीचा बाऊ मराठी माध्यमातली मुलं उगाच करतात. तुटक पण मोठ्याने बोललेलं इंग्रजी तिथे चालतं, पुटपुटलेलं अचूक इंग्रजी चालत नाही.

शिक्षा, आणि घरी जावंसं वाटणं

नोंद होणाऱ्या शिक्षा असतात, एक्स्ट्रा ड्रिल आणि रिस्ट्रिक्शन, म्हणजे ठरलेल्या वेळी पूर्ण वेशात हजेऱ्या. चढणीवरचा सिंहगड गाठून येणंही शिक्षा म्हणून वाट्याला येतं. यांखेरीज सिनियरांचा रगडा: पुश-अप, फ्रंट रोल, बेडूकउड्या. अंगावर हात टाकणं यात बसत नाही. तो नियमांचा भंग आहे आणि डिव्हिजनल ऑफिसरला, म्हणजे कॅडेटांवर नेमलेल्या अधिकाऱ्याला, सांगण्यासारखी गोष्ट आहे. रगड्याने कणखरपणा येतो असं सरसकट म्हटलं जातं. आमचं मत थोडं निराळं आहे: झोप मोडून दिलेल्या रगड्याने पुढचा दिवस फक्त आणखी चुकांचा होतो.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात "सोडून द्यावं" हा विचार बहुतेकांना येतो. नवलाई संपलेली असते आणि सवय लागलेली नसते. हा निर्णय रात्री आणि उपाशीपोटी घेऊ नये. स्वतःहून सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च पालकांकडून वसूल होऊ शकतो, तशी हमी प्रवेशाच्या वेळीच लिहून घेतात, त्यामुळे तो कागद सही करताना नीट वाचलेला असावा.

निकाल ते रुजू होणं

यूपीएससीच्या जाहिरातीत निवड झालेल्यांसाठी दिलेली शिफारस माफक आहे: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, किमान २० पुश-अप आणि २० सिट-अप, किमान ८ चिन-अप, दोरावर तीन-चार मीटर चढाई, आणि दोरीच्या उड्या. हे जमणं म्हणजे तळ गाठणं. हातात बारा आठवडे असतील तर आठवड्यातून तीन दिवस मातीच्या रस्त्यावर पळा, आठवड्याचं एकूण अंतर दर वेळी दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, आणि चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. हाडाचा फोड-बांधकामाचा सगळा कारभार असा घरीच उरकतो. चिन-अप होत नसतील तर स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर ठेवा आणि पाच आकडे मोजत खाली या. चढण्याची ताकद उतरण्यातून येते. शेवटचा आठवडा विश्रांतीचा. आदल्या दिवशी शर्यत लावून घोटा मुरगाळून आलेला एक तरी असतो.

पालकांसाठी: पहिला फोन छोटा, तुटक आणि बहुधा रडवेला असेल. "जेवलास का" हा प्रश्न सोडून द्या. झोप किती होते, पायाला एका जागी दुखतं का, बूट बसतात का, हे विचारा.

पहिल्या टर्ममध्ये ड्रिलची चाचणी पास होईपर्यंत लिबर्टी मिळत नाही, म्हणजे पुण्यात जायची सुट्टी नाही. पास झाल्यावरच्या पहिल्या रविवारी पांढरा शर्ट आणि टायमधली ही मुलं शहरात दिसतात. आधी पोटभर जेवतात, मग मोज्यांच्या जोड्या, पॉलिशची डबी, चिकटपट्टीची गुंडाळी आणि सायकलचं पंक्चर सोल्यूशन घेतात. परतीची बस सातची असेल तर साडेसहाला रांग लागलेली असते.